भाग दोनमधला खुनी

लतीफच्या व्हिडिओवर ‘खूनी पडाव’चा दुसरा भाग लागला त्या शुक्रवारी झाडून साऱ्या बायका तोंडावर पदर आणि ओढण्या घेऊन बसल्या होत्या, आणि मैना एकटी पुढं सरकत सरकत थेट टीव्हीच्या काचेपाशी जाऊन पोचली होती.

शुक्रवार म्हणजे भिवंडीचा सुट्टीचा वार. कापड विणणारे लूम बंद. आठवडाभर ज्या खडखडाटात एकमेकींशी ओरडून बोलायचं, तो थांबला की कानांना चुकल्यासारखं होतं आणि माणसं दुसरा कुठला तरी गोंगाट शोधत बाहेर पडतात. लतीफनं हे बरोबर हेरलं होतं. वडिलांच्या कापडाच्या जुन्या गोदामात त्यानं एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि बारदानाची बैठक मांडली होती. शुक्रवारी दुपारचा शो फक्त बायकांचा, हे त्याच्या बायकोनं, सालेहानं, त्याला बजावून ठेवलं होतं. सालेहाच्या सासऱ्यांच्या कारखान्यात मैना कांडी भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. म्हणायला एक मालकीण आणि एक कामवाली, पण दोघी एकाच ताटात जेवणाऱ्या.

आणि सिनेमा तरी काय विचारता! पहिल्या भागात शहरातली पोरंपोरी उन्हाळी शिबिराला रानात जातात, तंबू ठोकतात, शेकोटीभोवती नाचतात, आणि कांजी मारून कडक केलेल्या मांजरपाटाचा मुखवटा घातलेला एक खुनी त्यांना एकेक करून संपवतो. शेवटी उरलेली पोरगी त्याला विहिरीत ढकलते. दुसऱ्या भागात तेच रान, तेच तंबू, फक्त त्यांना आता ठिगळं लागलेली. पहिल्या भागात मेलेली एक नटी केस कापून पुन्हा मरायला आलेली. सुरा मारताना वाकत होता. रक्त तर असं की कापड रंगवणाऱ्या शहरातल्या बायकांनी ते बघताक्षणी नापास केलं. “कच्चा रंग हाय. एका धुन्यात जाईल,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि किंचाळता किंचाळता बायका हसत सुटल्या.

मग झाडांमधून खुनी आला. तो धावत नव्हता. असल्या सिनेमांतले खुनी धावण्याचे कष्ट कधी घेतच नाहीत. पळणाऱ्या पोरी आपणहून ठेचकाळून पडतात आणि हे सावकाश जाऊन त्यांना गाठतात. हा चालत होता तो असा: चार पावलं सरळ, मग डावा खांदा खाली, उजवं कोपर पोटाशी, कमरेतून अर्धी गिरकी, आणि एक लांब ढांग, पायाखालचं काहीतरी ओलांडल्यासारखी. पुन्हा चार पावलं, पुन्हा खांदा खाली. गोदामात नुसता कल्लोळ उठला. मैनेचे मात्र डोळे भरून आले, कारण ती चाल तिच्या नवऱ्याची होती.

मोरू खारबावच्या बाजूचा. मिसरूड फुटायच्या आधीच भिवंडीत लूमवर लागलेला. लग्न होऊन मैना त्याच्या खोलीत आली तेव्हापासून तिनं त्याला असंच चालताना पाहिलं होतं. शिफ्ट सुटली की गल्लीत माणसांचा लोंढा शिरायचा, सगळे सारखेच, कापसाच्या धुळीनं भुवयांपर्यंत पांढरे झालेले. मैना उंबऱ्यात बसून त्या गर्दीत एक खांदा पडताना बघायची आणि उठून तवा चढवायची. तो दारात येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. आपल्या माणसाला असं लांबूनच ओळखण्यात काय सुख असतं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, पण दिवसभरात तिला तेवढंच हवं असायचं.

त्र्याऐंशी साली विजेच्या भानगडीत त्याच्या शेठचा कारखाना बंद पडला. “सुरतेला काम हाय म्हनतात. बघून येतो, दिवाळीच्या आत परत,” म्हणून मोरू गेला तो गेलाच. भांडण नव्हतं, दारू नव्हती, दुसऱ्या बाईची कुजबूजही नव्हती. काहीतरी असतं तर तिला रागवायला तरी जागा मिळाली असती. तिचा भाऊ बाळाराम सुरतेला जाऊन गल्ल्या तुडवून आला आणि हात हलवत परतला. पुढच्या वर्षी दंगलीत भिवंडी पेटली, तेव्हा सालेहाच्या माजघरात इतर बायकांबरोबर जीव मुठीत धरून बसलेल्या मैनेला एकच गोष्ट बरी वाटली होती, की तो इथं नाही.

मोरू गेल्यापासून सात वर्षं ती माणसांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. बाजारात, एसटी स्टँडवर, कशेळीच्या पुलावरून येणाऱ्या कामगारांच्या घोळक्यात ती पायांकडे आणि खांद्यांकडे बघायची. चेहरे बदलतात, दाढ्या वाढतात, माणसं वाळतात. चाल कुठं जाते?

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याही. मग मधल्या दिवशी कांड्यांची टोपली पोचवायच्या निमित्तानं गोदामात डोकावू लागली. “लतीफभाई, तेवढं झाडातून येतो ते लावा ना,” म्हणून सांगायची, आणि बिचारा लतीफ कॅसेट मागं-पुढं करून तेवढं लावून द्यायचा. शेवटी शेवटी खुनी जिथं जिथं चालायचा तिथं तिथं टेपवर पांढऱ्या रेघा उमटायला लागल्या. गल्लीत बातमी फुटायला वेळ लागत नाही. कांडीवाल्या मैनेला खुन्याचं वेड लागलं, असं आधी हळू आणि मग तिच्या तोंडावर बोललं जाऊ लागलं.

सालेहानं एक दिवस तिला कांडी मशीनवरून उठवून कोपऱ्यात नेलं.

“मैना, खरं सांग गो, तुला झालंय काय? माझी ननंद त्या मुडद्याच्या भीतीनं दिवा घालवू देत न्हाय, आनि तू त्याला बघून लाजतेस?”

“तो माझा हाय,” मैना म्हणाली.

“कोन तुझा?”

“खुनी.”

सालेहाला आधी हसूच आलं. मग मैनेनं तिथल्या तिथं चार पावलं टाकून दाखवली, खांदा पाडला, कोपर घेतलं, ढांग टाकली, आणि सालेहाचं हसू ओठांवरच राहिलं. मोरूला तिनंही त्या गल्लीतून जाताना पाहिलं होतं.

“पन तो तर पहिल्या भागात विहिरीत मेला ना?” ती उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

“तो दुसरा होता. जाडा. हा आता आलाय.” मैना पुन्हा जागेवर आली. “आनि मेलेली पन येतात की दुसऱ्या भागात. माझा तर मेलेला पन न्हाय.”

सालेहानं मैनेचा हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही. तिला ठाऊक होतं की हा नुसता सिनेमाचा मामला नाही. बाळाराम पडघ्याला राहायचा आणि गेलं वर्षभर बहिणीच्या मागं लागला होता. नवरा परागंदा झाला तर काही वर्षं वाट बघून बाईनं पाट लावावा, अशी त्यांच्यात रीत होती. स्थळही होतं: तुळशीराम, दुधाचा धंदा, बायको वारलेली, पदरात एक मुलगी. माणूस वाईट नव्हता आणि तीच मोठी पंचाईत होती. वाईट असता तर मैनेनं केव्हाच झटकून टाकला असता. एकदा बाळारामच्या अंगणात तो तिला एवढंच म्हणाला होता, “घाई न्हाय माझी. पन वाट बघतोय हे तुमाला ठावं असावं.” वाट बघणं म्हणजे काय हे मैनेइतकं कुणाला कळणार? ती त्या रात्री त्याच्याविषयी विचार करत जागी राहिली होती आणि मग स्वतःवरच चिडली होती. दसरा झाला की ते सुपारी फोडायला येणार होते. तोवर तिनं हो की नाही ते सांगायचं होतं.

“नवरा जिता असताना मी काय सांगू?” मैना सालेहाला म्हणाली.

सालेहानं त्याच संध्याकाळी लतीफला फैलावर घेतलं. लतीफनं कॅसेट पुरवणाऱ्या माणसाकडून काढता आली तेवढी माहिती काढली. शूटिंग पडघ्याच्या पुढं झालं होतं, शाळांच्या पोरांची उन्हाळी शिबिरं भरतात त्या एका शेठच्या आवारात. पहिल्या भागातला पैलवान दुसऱ्याच्या वेळी फिरकलाच नाही. सगळं युनिट येऊन बसलेलं, आता करायचं काय? मग तिथला राखणदार उंचीला बरा दिसला, त्याच्याच तोंडावर मुखवटा चढवला. “पूर्वी लूमवर होता म्हनतात,” लतीफ म्हणाला. “अजून तिथंच हाय. नाव म्हाईत न्हाय. पडद्यावर पन न्हाय टाकलं त्याचं नाव.”

पूर्वी लूमवर होता, एवढं कानावर पडल्यावर मैनेला पुढचं काही ऐकूच आलं नाही. बसनं तासाभरात पोचावं इतक्या जवळ तो बसलेला असावा आणि आपण सात वर्षं सुरतेच्या दिशेनं डोळे लावावेत! तिला त्याचा असा राग आला, असा राग आला, की आनंदानं रडूच फुटलं.

“मी येते बरोबर,” सालेहा म्हणाली.

“नको. तो लाजेल.”

निघायच्या सकाळी मैना सालेहाकडे आली ती न्हाऊन, धुवट हिरवं लुगडं नेसून. सालेहानं तिच्या डोळ्यांत काजळ घातलं. मैना आरशात बघत राहिली. कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते, गालांची हाडं वर आली होती. “लई बदललेय का गो मी?” तिनं विचारलं. सालेहा म्हणाली, “काय बी न्हाय.” सालेहाला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते लगेच कळलं, पण मैनेनं ते खरं मानून घेतलं.

पडघ्याच्या नाक्यावर बस थांबली तेव्हा तिनं पदर नाकापर्यंत ओढला. बाजारात बाळाराम दिसला असता तर सगळाच घोटाळा. ट्रक, हातगाड्या, भाताच्या पोत्यांची चढउतार, या गर्दीतून ती मान खाली घालून निघाली आणि डांबरी सोडून बैलगाडीच्या वाटेला लागली. दसरा तोंडावर आलेला, दुपारचं ऊन चांगलं भाजत होतं. वाटेत दिसलेल्या गुराख्याला विचारलं तर त्यानं हात करून फाटक दाखवलं. चालता चालता ती मनात वाक्यं जुळवत होती. आधी रागाचं बोलायचं ठरवलं. मग ठरवलं, राग घरी गेल्यावर. मग वाटलं, तो घरी येईल का? नाही आला तर मीच इथं राहीन, या रानात, त्यात काय. शिबिराच्या पोरांना भाकऱ्या थापून घालीन.

फाटक उघडंच होतं. आत पटांगण, कडेला तंबूंचे बांबू रचून ठेवलेले, एक लांबलचक पत्र्याची पडवी. झाडं तिनं लगेच ओळखली. टीव्हीत दिसायची तीच, फक्त इथं ती जरा बारकी वाटत होती. विहिरीकडून एक उंच माणूस दोन बादल्या घेऊन येत होता. मैनेनं सवयीनं त्याच्या पायांकडे पाहिलं. सरळ चालत होता. दोन्ही खांदे समान, पावलं एकसारखी. कुणीतरी दुसरा असेल.

“कोण पाहिजे, बाई? शिबिर तर मे महिन्यात असतं. अभी कोई नहीं है.”

“सिनेमातला मानूस पायजे,” मैना म्हणाली. “खुनी झालेला.”

त्या माणसानं बादल्या खाली ठेवल्या आणि ओशाळा हसला. दाढी अर्धी पिकलेली, डोक्याला रुमाल. “लोग अजून येतात बघायला. मीच तो. नूरुद्दीन.”

“तुमी न्हाय.”

“अरे, मीच!”

“तुमी सरळ चालता,” मैना म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “तो तसा न्हाय चालत.”

नूरुद्दीन तिच्याकडे बघत राहिला. मग “अच्छा, वो चाल,” असं पुटपुटत त्यानं लुंगी सावरली आणि पटांगणातून निघाला. चार पावलं सरळ. डावा खांदा खाली, उजवं कोपर पोटाशी, अर्धी गिरकी, ढांग. अगदी तसंच. तसूभर फरक नाही. फक्त वर डोकं होतं ते नूरुद्दीनचं.

मैना पडवीच्या पायरीवर जाऊन बसली. तो पाण्याचा तांब्या घेऊन आला. ती प्याली नाही.

“कुठं शिकलात हे?”

“शिकलो नाही, लागलं,” तो जरा लांब, उकिडवा बसत म्हणाला. “मी मऊचा, उत्तरेकडचा. इथं आलो तो भिवंडीला लूमवर लागलो. शेठनं मला रात्रपाळीला चार लूम दिले, कोपऱ्यातले. मधली बोळ एवढीशी. डावीकडं छताचा खांब. उजवीकडं मोटरचा पट्टा फिरतो. खाली फरशी खचलेली, ये बडा गड्ढा. खांदा नाही पाडला तर खांब लागतो. कोपर नाही घेतलं तर पट्टा ओढतो. ढांग नाही टाकली तर पाय गेला. रात्रभर तेच. एका सालात अंगाला सवय लागते, मग बाहेर पण माणूस तसाच चालतो. बाजारात, मशिदीत, कुठं पण.” तो हसला. “त्या डायरेक्टरनं सांगितलं, असा चल की भीती वाटली पाहिजे. मी खूप तऱ्हा केल्या, सगळे हसायचे. मग आठवलं, बोळीत चालायचो तसा चाललो. कोणी हसलं नाही.”

मैनेनं लुगड्याचा काठ मुठीत घट्ट धरला होता. “तुमच्या आदी त्या लूमवर कोन होता?”

“होता कोणी. सुरतला गेला म्हणायचे, परत आला नाही. कारखाना पुन्हा चालू झाला तेव्हा त्याची जागा मला मिळाली.”

“त्याचं नाव…” नवऱ्याचं नाव तिनं आजवर लग्नातल्या उखाण्याखेरीज घेतलं नव्हतं. जीभ अडखळली. “मोरू होतं का?”

“हां, मोरू!” नूरुद्दीन खुशीत म्हणाला. “आमचा जॉबर, लूम लावून देणारा मिस्त्री, मला पण मोरूच म्हणायचा, चालीवरून. म्हणायचा, या बोळीत जो उभा राहील तो मोरूच…” आणि मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. हातातला तांब्या त्यानं हळूच खाली ठेवला.

मैनेच्या मनात एकामागून एक गोष्टी कोसळत होत्या. जे ती उंबऱ्यात बसून आपलं समजत होती, ते त्याचं नव्हतंच. तो खांदा खांबाचा होता, ते कोपर पट्ट्याचं, ती ढांग फुटक्या फरशीची. लग्न झालं तेव्हा तो त्या बोळीत मुरलेला होता. मोरू स्वतःचा कसा चालायचा, खारबावच्या बांधावरून पोरवयात कसा धावायचा, ते तिनं पाहिलंच नव्हतं.

“मग तुमची सुटली कशी?” तिनं विचारलं.

“लूम सोडला, सुटली. छातीत दम लागायला लागला म्हणून इथं आलो. पहिले पहिले खांदा पडायचा. मग एक दिवस बघतो तर सरळ. इथं ना खांब, ना पट्टा, सगळं मोकळं.” तो जमिनीकडे बघत होता. “लूमवर असताना एकदा गावी गेलो होतो. बायको दारात उभी होती. मला येताना पाहिलं आणि कडी लावून घेतली. म्हणाली, वाटलं कोणी परका आला. मी अशा चालीनं घरातून गेलो नव्हतो ना.”

त्यानं ते सहज सांगितलं, पण मैनेला ते जिव्हारी लागलं. म्हणजे मोरूही आता कुठंतरी सरळ चालत असणार. सात वर्षं झाली, सुटली असणार ती चाल. भिवंडीच्या बाजारात, एसटी स्टँडवर तो तिच्या समोरून गेला असेल, आणि ती पडणारा खांदा शोधत दुसरीकडे बघत राहिली असेल. ती रोज एका माणसाची वाट बघत होती आणि ओळखत होती फक्त एका बोळीला. आता यापुढं तिनं काय बघायचं? कशावरून ओळखायचं?

ऊन कलायला लागलं होतं. तिनं उठून लुगडं झटकलं. निघायचं म्हणून उठली आणि निघवेना.

“तो मुखवटा हाय का अजून?” तिनं विचारलं.

“आहे. भाजीच्या वाफ्यात बांबूवर लावलाय. पाखरांना भीती.”

“घाला.”

“बाई?”

“तो घाला आनि त्या झाडांतून इकडं या. एकदा. तशाच चालीनं.”

नूरुद्दीननं तिच्याकडे पाहिलं. तो वाफ्याकडे गेला, मुखवटा काढून त्यावरची माती झटकली आणि झाडांच्या मागं दिसेनासा झाला. मैना पटांगणाच्या मधोमध उभी राहिली. सिनेमात त्याच जागी उभ्या राहिलेल्या पोरी किंचाळत पळत सुटायच्या.

आणि तो आला. चार पावलं सरळ, खांदा खाली, कोपर पोटाशी, गिरकी, ढांग. पांढऱ्या कडक कापडाला डोळ्यांची दोन भोकं, खाली उंच अंग, आणि शिफ्ट संपवून गल्लीत शिरणारा तिचा माणूस. तिला सगळं कळत होतं. हा कोण आहे तेही कळत होतं. तरीही ती नजर न हलवता त्या प्रत्येक पावलाकडे बघत राहिली. जवळ आला. आणखी जवळ. हातभर अंतरावर येऊन थांबला.

सात वर्षं तिनं किती बोलणी साठवली होती! कुठं होतास, का गेलास, एक शब्द का कळवला नाहीस. मोरूशी ती अरे-तुरेनंच बोलायची, घरात ऐकायला दुसरं होतं कोण? पण त्यातलं एकही आठवलं नाही. रोज संध्याकाळी दारात जे तोंडातून निघायचं तेच निघालं.

“आलास? भूक लागली असंल.”

मुखवट्याच्या आतून दबका आवाज आला. इतकी वर्षं भिवंडीत काढलेला तो माणूस, बोलला ते तिच्याच बोलीत.

“लई.”

मग मात्र मैनेला आवरलं नाही. ती पदर तोंडात कोंबून रडली, बांध फुटल्यासारखी रडली. त्र्याऐंशीच्या दिवाळीला रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं रडली. तो हलला नाही. कांजीच्या त्या जाड कापडात माणूस उकडून निघतो, मानेवरून घामाच्या धारा लुंगीपर्यंत उतरत होत्या, पण त्यानं मुखवटा काढायला हात उचलला नाही. तिला समोर परक्याचा चेहरा दिसू नये एवढ्यासाठी तो तसाच उभा राहिला, खांदा पाडून.

हळूहळू तिचे हुंदके थांबले. तिनं डोळे पुसले, काजळ गालभर पसरलं होतं ते पुसलं, विस्कटलेला पदर नीट घेतला. त्या पांढऱ्या कापडाकडे तिनं आणखी एकदा, डोळे भरून बघून घेतलं.

“काढा आता, नूरुद्दीनभाई,” ती म्हणाली. “लई उकडत असंल तुमाला.”